उत्तराभिमुख

बेटाचं नाव काळ्या पट्टीखाली आहे.
अक्षांश दिलाय, तोही पूर्णांकात,
पुढचे दशांश कुणीतरी पुसलेत.
रेखांश नाहीच.
उन्हाचे आणि वाऱ्याचे आकडे वेगळ्या लिफाफ्यात,
आणि त्यांवरून मला सांगायचंय
डिझेलचं जहाज वर्षाला
किती फेऱ्या कमी मारेल.

मी लष्करात बसलेय. म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्करात,
जिथला तळ केव्हाच उठला
आणि नाव तेवढं गल्ल्यांना चिकटून राहिलं.
दाणाओळीत तिसरा मजला, मे महिना,
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती लू आत येते.
कुलश्रेष्ठसाहेबांचा फोन: मॅडम, बस किलोवॅट बताइए.
अण्णा गच्चीवर पापडांची राखण करतायत, हातात माकडांसाठी काठी.
काल जेवताना म्हणाले,
उन्हाचे पैसे देतं कोण तुला?

जोडपत्र चार. जनरेटरची रोजनिशी, चौदा महिन्यांची,
हातानं लिहिलेली, मग वाकडे फोटो काढलेली.
माणसं किती, ते गोपनीय.
पण विजेचा आलेख गप्प बसत नाही.
पहाटे साडेचारला एक उंचवटा: चहा.
पाचला पंप.
दुपारी सपाट, झोपले असतील किंवा उन्हात उभे असतील,
आलेखाला दोन्ही सारखंच.
रविवारी रात्री नऊपासून दीड तास भार थोडा वर चढतो.
चार दिवस कळेना. मग कळलं, फोनची खोली.
प्रत्येकी चार मिनिटं धरली
तर साडेबावीस माणसं येतात.
अर्ध्याचा फोन लागत नसणार.

शेऱ्याचा रकाना काळा करायला ते विसरले.
शेरा: फिल्टर बदलला.
शेरा: मीठ.
शेरा: मीठ.
शेरा: आज काही नाही.
अक्षर उजवीकडे झुकलेलं, मीठमधली वेलांटी लांब ओढलेली.
सप्टेंबरात अक्षर बदलतं.
नवा माणूस शेरे लिहीत नाही.

वारा चांगला आहे, सेकंदाला साडेसात मीटर,
पण मनोरा उभारायचा नाही, रडारवर सावली पडते.
एवढा सगळा वारा मी एका परिच्छेदात लिहिला
आणि तसाच वाहू दिला.

एक भार मात्र कधीच शून्य होत नाही.
चारशे वॉट, दिवसरात्र, दिवाळीलासुद्धा.
विचारलं, हे काय आहे?
उत्तर आलं: लागू नाही.
बरं. त्या लागू नसलेल्यासाठी
मी सलग तीन ढगाळ दिवसांची बॅटरी धरली.

आता पॅनल. एकशे ऐंशी.
आडवीच ठेवली तरी चाललं असतं तिथल्या उन्हाला,
पण आडव्यावरून पावसाचं पाणी ओघळत नाही,
आणि तो माणूस सांगून गेलाय, मीठ.
म्हणून दहा अंश कलती.
तोंड कुठे? बोटांनी सवयीनं टाइप केलं,
दक्षिणाभिमुख.
पंधरा वर्षं हेच लिहितेय,
मुरारच्या शाळा, डबऱ्याची शीतगृहं,
भिंडच्या पेट्रोलपंपाचं छत,
सगळी आपली दक्षिणेकडे बघत बसलेली.

तिसऱ्या वाचनात दिसलं,
अक्षांशाआधी एक बारीक उणे चिन्ह,
फोटोतल्या धुळीसारखं.

विषुववृत्ताच्या पलीकडे सूर्य उत्तरेकडून जातो.
खोडलं. लिहिलं: उत्तराभिमुख.
मग उगीच नकाशा काढला, पट्टी घेतली.
रेखांश नाही, म्हणजे पट्टी कुठेही ठेवता येते.
मी ती आमच्यावरून ओढली.
खाली समुद्र, खूप समुद्र,
आणि कुठेतरी एकशे ऐंशी काचा, इकडे तोंड करून.
याचा उत्पादनावर काही परिणाम होत नाही.
अहवालात घ्यायचं कारण नाही.

तेवढ्यात लाइट गेली. दाणाओळीत दुपारी दोनला जातेच.
इन्व्हर्टरनं चारदा टीं केलं आणि मान टाकली.
वरून अण्णा ओरडले, कॉम्प्युटर जळेल, बंद कर,
आणि ते पापड उलटवायला ये.

सव्वातीनला आली.
फाइल सेव्ह झाली नव्हती.
पान सत्तावीस, ओळ चौथी, पुन्हा दक्षिणाभिमुख.
हाताला पापडखाराचा वास आहे.
पुन्हा खोडतेय.